चाक, चिखल आणि राखीव रान

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’ अशी पाटी दिसली की आपल्याला अभयारण्यच आठवतं, आणि तिथे माउंटन बाइक नेणं म्हणजे देवराईत फटफटी घुसवण्यासारखं वाटतं. हा पहिला गैरसमज. या जागांमागे पशुपक्ष्यांइतकीच पाण्याची काळजी आहे. १९४६ च्या कायद्याने तिथे नदीखोऱ्यांनुसार प्राधिकरणं स्थापण्याची सोय झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल वादळाने हंबर नदीला पूर आला. प्रांतात ८१ माणसं दगावली, त्यांतली ३५ टोरोंटोच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरची. त्यानंतर पूरक्षेत्रातली जमीन सार्वजनिक मालकीची करण्याला जोर आला. अशा जमिनीवर घर बांधायचं नसतं, पण माणसाने तिथे पाऊलही टाकू नये असा हेतू कधीच नव्हता. हंबरच्याच वरच्या खोऱ्यातल्या अल्बियन हिल्समध्ये आज माउंटन बाइकच्या वाटा आहेत.

‘पाय चालतील, चाक नको, चाकाने माती उखडते,’ हा दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे, कारण चाकोरी डोळ्यांना दिसते आणि बुटांचे ठसे दिसत नाहीत. मोजमाप काय सांगतं? १९९४ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या माँटानाच्या डोंगरवाटांवर घोडे, पायी फिरणारे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना झाली. घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, आणि हा फरक ओल्या वाटेवर अधिक ठळक होता. २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर ऑन्टारियोच्याच बॉइन व्हॅलीतला. तिथल्या पानझडी जंगलात आखलेल्या पट्ट्यांवरून पायी आणि सायकलने ५०० पर्यंत फेऱ्या मारल्या गेल्या. झाडोऱ्याची हानी दोन्हींकडे जवळपास सारखीच निघाली, ती पट्ट्याच्या मधोमध एकवटलेली होती आणि वर्षभरात बरीचशी भरूनही आली.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: ५०० फेऱ्या म्हणजे गर्दीच्या वाटेवरचे काही दिवस. शिवाय पायी माणूस तासात चार-पाच किलोमीटर जातो, सायकलस्वार त्याच्या दुप्पट-तिप्पट. युटातल्या अँटिलोप आयलंडवर बायसन आणि हरणं पादचाऱ्यांना व सायकलस्वारांना सारखीच बुजतात असं २००३ मध्ये दिसलं. पण एकाच वेळात जास्त अंतर कापणारा जास्त प्राण्यांना बुजवणार, हे उघड आहे. म्हणून सायकल निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. चाक की पाऊल हा प्रश्नच दुय्यम आहे. वाट कुठून काढली आणि तिच्यावर केव्हा गेलात, यावर नुकसान ठरतं. नवशिक्यांसाठी आखलेली बंद वळशाची वाट पहिल्या बाबतीत उजवी ठरू शकते. ती निघाल्या ठिकाणीच परत आणते, त्यामुळे पार्किंगकडे जाण्यासाठी कुणी रान तुडवत नाही. एकाच दिशेने जायचा नियम असेल तर समोरून येणाऱ्याला वाट देताना कडेचं गवतही मरत नाही.

‘सोपी वाट म्हणजे सपाट वाट’ हाही भ्रमच. अमेरिकेत रूढ असलेल्या हिरव्या वर्तुळाच्या, म्हणजे सोप्या वाटांच्या, श्रेणीत सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, वाटेची रुंदी किमान ९० सेंटिमीटर आणि टाळता न येणारा अडथळा फार तर ५ सेंटिमीटर उंच असतो. पण पूर्ण सपाट जागेत पाणी साचतं, आणि सरळ उतारावर तेच पाणी वाटेचा ओढा करून टाकतं. म्हणून जाणते कारागीर वाट डोंगराच्या अंगाने तिरकी नेतात, बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवतात आणि मध्येमध्ये लहानसा खोलगट भाग देतात, म्हणजे पाणी वाट धरून न धावता बाजूला उतरतं. आपल्याकडच्या जुन्या घाटवाटा नागमोडी का, हे ज्याला कळलं त्याला यात नवल वाटणार नाही.

महागड्या सायकलीवाचून इथे निभावत नाही, हा समज मी एका वाक्यात सोडतो: अशा वाटेला चांगले ब्रेक, रुंद टायर आणि हेल्मेट पुरे. चिखलाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे चांगल्या हेतूनेच नुकसान होतं. डबकं दिसलं की नवखा माणूस कडेने जातो; त्याला वाटतं आपण वाट वाचवली. पुढचा आणखी बाहेरून जातो, आणि हातभर रुंद वाटेचा गाडीरस्ता होतो. डबकं लहान असेल तर मधूनच जायचं. सगळी वाटच भिजलेली असेल, विशेषतः ऑन्टारियोत मार्च-एप्रिलमध्ये वरची माती वितळून खालचा थर अजून गोठलेला असताना, तर सायकल गाडीवरून उतरवायचीच नाही.