सकाळी पहिल्या सेल्फला पिकअप खोकते? खर्च करण्याआधी दोष असा शोधा

पहाटेची वेळ. मानकोली किंवा काल्हेरच्या गोदामात गाडी लावायची आहे आणि पिकअप दहा-बारा सेकंद सेल्फ मारूनही नीट उचलत नाही. सुरू झाली की थरथरते, मिसिंग करते, पांढरा धूर सोडते. पाच मिनिटांनी मात्र काहीच झालं नाही अशी चालते. अशा वेळी कोणीतरी सांगतं, "थंडी आहे, हीटर प्लग बदल." दुसरा सांगतो, "नोझल गेले." पहिल्या सल्ल्याला काही हजार लागतात, दुसऱ्याला त्याहून कितीतरी जास्त. आणि पुष्कळदा दोष एखाद्या ढिल्या क्लॅम्पमध्ये असतो.

म्हणून एक गोष्ट आधी समजून घेऊ: भिवंडीत 'कोल्ड स्टार्ट' म्हणजे थंड हवा नव्हे, तर रात्रभर उभं राहून गार झालेलं इंजिन.

डिझेल इंजिन पेटतं कसं?

पेट्रोल गाडीसारखा इथे स्पार्क नसतो. पिस्टन हवेला साधारण १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे चार गोष्टी जुळायला हव्यात: सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन, वेळेवर आलेलं डिझेल आणि पुरेशी उष्णता. इंजिन गार असताना त्याचं लोखंड हवेतली उष्णता शोषून घेतं. ही तूट भरून काढायला ग्लो प्लग, म्हणजे आपल्या भाषेत हीटर प्लग असतात.

भिवंडीत जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो. एवढ्यात डिझेल गोठत नाही. तो प्रश्न लडाखसारख्या ठिकाणचा. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं, ते त्यामुळेच. आपल्याकडच्या उबदार हवेत एखादा प्लग गेलेला असला तरी बहुतेक वेळा गाडी निमूट सुरू होते.

दोन गावांची परीक्षा

तुमची गाडी कसारा घाट चढून नाशिककडे जात असेल, तर फुकटची तपासणी हाताशी आहे. तिथे हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो. गाडी भिवंडीत ठीक आणि नाशिकला मुक्काम केल्यावरच खोकत असेल, तर संशय हीटर प्लगवर, नाहीतर कमी झालेल्या कॉम्प्रेशनवर घ्या. दोन्हीकडे सारखाच त्रास असेल, तर बॅटरी आणि डिझेलची लाइन आधी बघा.

आता क्रमाने तपासा: स्वस्तापासून महागाकडे

१. सेल्फचा आवाज ऐका. इंजिन जड, रेंगाळत फिरतंय का? मग दोष विजेचा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. नवी घेण्याआधी टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी आणि इंजिनची अर्थिंग साफ करा. पावसाळ्यानंतर हा त्रास हमखास होतो.

२. धूर बघा. सेल्फ जोरात फिरतोय पण सायलेन्सरमधून धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळे चुरचुरणारा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय.

३. लाइन हवा घेते का? रात्री कुठूनतरी हवा शिरली की डिझेल मागे टाकीकडे उतरतं. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँड पंप घट्ट होईपर्यंत दाबा. पंप इलेक्ट्रिक असेल तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. यानंतर गाडी लगेच उचलली, तर चोर सापडला: पाइप, क्लॅम्प किंवा फिल्टरचं वॉशर. फिल्टरखालच्या नळीतून पाणीही काढून टाका.

४. हीटर प्लग मोजा. चावी बंद करून प्लगचं कनेक्शन काढा आणि प्लग व इंजिनची बॉडी यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. चांगल्या प्लगचा आकडा अगदी कमी, साधारण एक ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग गेला. चारही चांगले असतील तर त्यांचा रिले आणि फ्यूज बघा. डॅशबोर्डवरचा दिवा लागतो म्हणून प्लग तापतातच असं नाही.

५. स्कॅनर लावा. रात्रभर गार झालेल्या इंजिनचं कूलंट तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. बाहेर १८ आणि स्कॅनरवर ७० दिसत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरम आहे असं समजून ईसीयू प्लग तापवत नाही आणि डिझेलही कमी सोडतो. कॉमन रेल गाडीत सेल्फ मारताना रेलचा दाबही बघा. तो साधारण २०० बारच्या आसपास चढला नाही तर इंजेक्टर उघडतच नाहीत.

६. नोझल सगळ्यात शेवटी. दाब चढत नसेल तर मेकॅनिककडून इंजेक्टरची रिटर्न लीक टेस्ट करून घ्या. चार बाटल्यांपैकी एकीत जास्त डिझेल साठलं, तर तोच इंजेक्टर दोषी. चारही बदलण्याची घाई नको. इथेही काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट करा.

हे मात्र करू नका

हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकून पिस्टन फुटू शकतो. कॉमन रेलचा पाइप इंजिन चालू असताना ढिला करू नका, ती धार कातडीत घुसते. आणि सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. अर्धा मिनिट थांबून पुन्हा मारा.

आज रात्री गाडी लावल्यावर एका कागदावर लिहायची तयारी ठेवा. सकाळी सेल्फ किती सेकंद मारला, धूर कसला आला, मिसिंग किती वेळ टिकली, हवा किती गार होती. चार दिवसांच्या या नोंदी घेऊन गॅरेजला गेलात, तर मेकॅनिकचं काम अंदाजाने नाही, पुराव्याने सुरू होईल.