मोरीची भीती आणि लाल बावटा

फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या पात्रात, एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला. जखम गंभीर होती. समुद्रापासून इतक्या आत, नदीच्या पाण्यात असे घडू शकते, हे वाचून गोमंतकातही अनेकांच्या मनात एकच शंका आली असेल: मग आपल्या किनाऱ्यावर पोहणे कितपत सुरक्षित आहे? या प्रश्नाला ‘काही होत नाही हो’ हे उत्तर पुरेसे नाही आणि पाण्यात पाऊलच न टाकणे हेही शहाणपणाचे नाही.

फ्लोरिडातील नैसर्गिक इतिहास संग्रहालय जगभरातील शार्कहल्ल्यांची नोंद ठेवते. त्या नोंदीनुसार 2023 मध्ये माणसाने काहीही छेड न काढता शार्कने चावा घेतल्याच्या 69 घटना घडल्या व त्यांत 10 जण दगावले. 2024 मध्ये अशा घटना 47 वर आल्या. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली. हे आकडे शेजारी ठेवून भीती निकालात काढण्याची पद्धत आहे; प्रस्तुत लेखकाला ती अपुरी वाटते. बुडणाऱ्यांत नदी, तलाव व विहिरीत बुडालेलेही येतात, आणि जगाच्या सरासरीत समुद्र कधी पाहिलाच नाही असे कोट्यवधी लोक धरलेले असतात. रोज पहाटे लाटांवर फळी घेऊन जाणाऱ्याला त्या सरासरीचा काय उपयोग? त्याने विचारायला हवे ते इतकेच की, कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या वेळी आणि कशा पाण्यात.

याचे ठळक उदाहरण आपल्याच हिंदी महासागरात आहे. मादागास्करच्या पूर्वेकडील रेयुनियन हे फ्रेंच बेट एकेकाळी लाटांवर स्वार होणाऱ्यांचे नंदनवन मानले जाई. 2011 ते 2019 या काळात तेथे शार्कच्या हल्ल्यांत 11 जणांचा बळी गेला. अखेर जुलै 2013 मध्ये प्रशासनाने प्रवाळांनी वेढलेले उथळ सरोवर व देखरेखीखालील जागा सोडून अन्यत्र पोहण्यास आणि सर्फिंगला बंदी घातली. पुढे काही ठिकाणी जाळी लावली गेली. त्या बेटावरील माणसाची भीती अवास्तव म्हणता येणार नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या किनाऱ्यावरही 1992 पासून हल्ले वाढले. जवळच्या सुआपे बंदराच्या उभारणीने खाड्यांची मूळ रचना बिघडली, हे त्यामागील एक कारण अभ्यासक मानतात.

माणसावरील गंभीर हल्ल्यांत मुख्यतः तीन जाती आढळतात: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल शार्क. यांपैकी बुल शार्क गोड्या पाण्यातही दूरवर शिरतो. त्याला गढूळ पाण्याची अडचण वाटत नाही, कारण भक्ष्याच्या शरीरातील सूक्ष्म विद्युत्‌संवेदना टिपणारी इंद्रिये शार्कच्या तोंडाभोवती असतात. अडचण होते ती आपली. म्हणून नदीमुखापाशी, मोठ्या पावसानंतरच्या लाल पाण्यात, अंधार पडू लागताना किंवा माशांचा थवा उसळत असताना पोहू नये. मोरजीला शापोरा नदी आणि मोबोरला साळ नदी समुद्राला मिळते. तेथे हा नियम पाळावा. मासळीची घाण जेथे पाण्यात टाकली जाते त्या धक्क्याजवळ तर मुळीच उतरू नये.

मात्र बाजारात जी ‘मोरी’ आपण घेतो आणि जिचे आंबटतिक करतो, ती बहुधा हातभर लांबीच्या लहान जातींची असते. कोळंबी व बारीक मासळी हे तिचे अन्न. माणसाला तिच्यापासून धोका नाही. तिलाच आपल्यापासून आहे. खोल समुद्रातील शार्क व पाकट यांची संख्या 1970 पासून सुमारे 71 टक्क्यांनी घटली, असे 2021 मधील एका जागतिक अभ्यासात दिसून आले.

गोव्याच्या किनाऱ्यावर ज्याची धास्ती खरोखर बाळगावी, त्याला ना दात असतात ना पर. लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटत राहतात. ते पाणी वाळूच्या दांड्यांमधील खोलगट वाटेने परत फिरते आणि अरुंद वाटेत त्याचा वेग वाढतो. जीवरक्षक याला ‘रिप करंट’ म्हणतात. गंमत अशी की वरून पाहता हीच जागा शांत दिसते, कारण तेथे लाटा फुटत नाहीत. अनभिज्ञ पर्यटक नेमके तेथेच उतरतात. ऑस्ट्रेलियात, जेथे शार्कची चर्चा सर्वाधिक होते, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रवाहांनी वर्षाला सरासरी 21 बळी घेतल्याचे आढळले. शार्कचा बळी सरासरी एक.

प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहणे हीच घातक चूक ठरते. तो माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. आधी पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी. शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परतावे. लाल-पिवळ्या बावट्यांमधील पट्टा पोहण्यासाठी असतो. लाल बावटा असताना पाण्यात उतरू नये, आणि मद्यपान करून तर कोणत्याही बावट्याखाली नाही. मोरीच्या बातमीने हादरलेली कुटुंबे ऐन पावसाळ्यात लाल बावट्याशेजारी मुलांची छायाचित्रे घेताना दिसतात, हे आश्चर्य मानावे की सवय?

शार्कच्या चाव्याने मृत्यू येतो तो बहुतेकदा रक्तस्रावामुळे. यांत्रिक होडीच्या पंख्याने झालेली जखमही तशीच असते, आणि आपल्याकडे तीच अधिक संभवते. जखमीला ताबडतोब पाण्याबाहेर घ्यावे, स्वच्छ कापडाने जखम जोराने दाबून धरावी. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, कापडाची रुंद पट्टी किंवा सर्फबोर्डची दोरी घट्ट आवळावी, ती आवळल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि 108 ला फोन करावा. आवळलेला बंध वाटेत सैल करून पाहू नये. तो डॉक्टरच सोडतील.