गाडी खालून बघायची

पहाटे ५:३०
फेब्रुवारीत नॉर्दम्प्टनला या वेळी उजाडायचा प्रश्नच नसतो. चहा उकळेपर्यंत आजच्या तिन्ही गाड्यांचे नंबर फोनवर टाकून त्यांची एमओटी काढली. इंग्लंडात तीन वर्षांची झाली की गाडीला दर वर्षी ही तपासणी द्यावी लागते आणि तिचा जुना हिशेब सरकारच्या साइटवर कोणालाही फुकट वाचता येतो. पास की नापास, हे मी नंतर बघतो. आधी खालचे बारीक शेरे वाचतो. एका वर्षी ‘तळाला गंज’ असं लिहिलंय आणि पुढच्या वर्षी तो शेराच नाही, तर मला घाम फुटतो. गंज आपण होऊन बरा होत नाही. कोणीतरी वेल्डिंग केलेलं असतं, नाहीतर वरून काळा थर फासलेला असतो.

आजच्या दुसऱ्या गाडीचं तेच आहे.

७:४५
लेस्टर. डॉक्टर फाटकात उभे, काखेत नवंकोरं हेल्मेट. गाडी अजून घेतलेली नाही, हेल्मेट मात्र आलंय. कोल्हापुरात ते राजारामपुरीचे आणि मी उद्यमनगरचा. वडिलांचं लेथचं दुकान होतं, म्हणून मला ‘मेस्त्री’च म्हणतात. आठवडाभर मी गॅरेजात असतो, शनिवारी लोकांसाठी जुन्या गाड्या तपासतो. डॉक्टरांचं बजेट ८,००० पौंड. उन्हाळ्यात डोनिंग्टनच्या ट्रॅकवर गाडी पळवायची आहे.

“मेस्त्री, आठ हजारात पोर्श येते की ओ!”

“येते. पुढचे आठ हजार कुठून आणताय?”

९:००
कॉव्हेंट्री. पहिल्या पिढीची बॉक्सस्टर, २००१ सालची, २.७ लिटर. बॉनेटवर हात ठेवून काही कळत नाही, इंजिन मधोमध असतं. मागे एक्झॉस्टजवळ हात नेला तर गरम. आम्ही यायच्या आधीच कोणीतरी इंजिन चालू करून ठेवलं होतं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते मला ऐकायचं होतं, आणि नेमकं तेच हुकलं.

या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची ख्याती जगभर आहे. ते गेलं तर इंजिनच जातं, आणि बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून शहाणे लोक क्लच बदलताना तेही बदलून घेतात. बदललंय का विचारलं, तर “बहुतेक हो.” बिल नाही. शिवाय ट्रॅकच्या लांब वळणात चिकट टायरवर ही गाडी चालवली, तर तेल एका बाजूला सरकून पंपाला कमी पडू शकतं. रविवारी फिरायला ही गाडी छान आहे. डॉक्टर स्टिअरिंगवरून हात काढेनात, मीच दार उघडून उभा राहिलो.

१२:००
डर्बी. लाल माझ्दा एमएक्स-५, २००३ ची. म्हणजे दुसरी पिढी, १९९८ ते २००५ मधली. मालक निवृत्त गृहस्थ, अगदी सज्जन. चहा-बिस्किटं आली. गाडी आरशासारखी. हजार किलोच्या आसपास वजन आणि ताकद मागच्या चाकांना. ट्रॅक शिकायला याहून चांगली शाळा नाही. हलकी गाडी टायर कमी खाते, ब्रेक कमी खाते, आणि चूक केलीत तर ती अंगाशी येण्याआधी सांगते. म्हणून मीच डॉक्टरांना ही गाडी सुचवली होती.

खिशातून चुंबक काढला. फ्रिजवरचा, कोल्हापुरी चपलेच्या आकाराचा, महाद्वार रोडवरून आणलेला. रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळून दाराखालच्या सिलवर फिरवला. पुढे चिकटला, मागच्या चाकापाशी गळून पडला. तिथे पत्रा नाही, पुटी आहे. कापडी छताचं पाणी जाणारी भोकं पानकचऱ्याने तुंबतात, पाणी सिलमध्ये साचतं आणि आतून सडवत जातं.

मग जॅक लावून, गाडी स्टँडवर टेकवून मी खाली गेलो. पुढच्या बाजूला चासीचे दोन लांब चॅनेल जातात. या पिढीत त्यांना पत्र्याचे दोन थर आहेत आणि गंज त्या दोहोंच्या मध्ये धरतो. बाहेर दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. वर ताजा काळा थर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो: टण, टण, टण, आणि मग थप्प. पुढच्या सस्पेन्शनचा भार जिथे येतो, तिथेच थप्प.

वडील वापरलेलं कास्टिंग घेताना असंच वाजवून घ्यायचे. माठ घेताना आई वाजवायची तसं.

गृहस्थांना सांगताना जिवावर आलं. त्यांनीही गाडी अशीच, वरून बघून घेतली असणार.

३:१५
नॉटिंगहॅमच्या बाहेर एक शेड. तिसऱ्या पिढीची एमएक्स-५, २००७ ची, २ लिटर, १६० अश्वशक्ती. रंग उडालेला, बंपरवर खडे लागल्याचे डाग, आत रोल बार. डॉक्टरांचा चेहरा पडला. “ही ट्रॅकवर बडवलेली दिसते ओ.”

बडवलेलीच आहे. पण मालकाने फाइल पुढे केली. जाडजूड फाइल, इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड, पॅड, बेअरिंग, प्रत्येकाचं तारीखवार बिल. झाकून ठेवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा मला ही फाइल जास्त आवडते. वापरणाऱ्याने काय झिजलं ते लिहून ठेवलंय. न वापरणाऱ्याला ते ठाऊकच नसतं. ट्रॅकवर गेलेली गाडी नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्यामुळेच अशा गाड्या स्वस्त मिळतात.

इंजिन थंडगार. सुरू केलं, खडखड नाही, धूर नाही. ठोकलं तर सगळीकडे टण. एक मागचा कॅलिपर अडकत होता. टायरच्या कडेचा चार आकडी कोड वाचला: ३११६, म्हणजे २०१६ चा ३१ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर लाकडासारखं.

मग डॉक्टरांचं हेल्मेट कामी आलं. सहा फूट एक इंच माणूस आत बसवला, सीट खाली केली. झाडूचा दांडा रोल बारवरून काचेच्या वरच्या कडेपर्यंत धरला. उघड्या गाडीत डोकं या रेषेच्या खाली हवं. दोन बोटं जागा उरली.

मागितले ५,२००. टायर आणि कॅलिपर दाखवून ४,७०० ला तुटलं. डॉक्टर परतीच्या वाटेवर गप्प, आणि लेस्टर आल्यावर एकदम म्हणाले, “रंग बदलून घेऊ काय?”

रात्री ९:००
अहवाल लिहिला. गाडी घ्या. उरलेले ३,३०० पौंड रंगात घालू नका. आधी टायर, मग कॅलिपर, मग ट्रॅकचे पॅड. विमा कंपनीला विचारा. नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅक धरत नाहीत. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि तापलं की उकळतं. मग पेडल थेट तळाला जातं. पहिल्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात ते बदला, आणि बिल फाइलला लावा.