गोळी सुटल्यावर पुढं कोण जाणार?

"काका, आफ्रिकेत गाईड न घेता हत्ती मारता येतो का हो?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. फुलंब्रीच्या शिवारात आमचा पावणेदोन एकर मका आहे. कणसं दुधात आली की रानडुकरांना निरोप धाडावा लागत नाही, म्हणून माळ्यावर जागल चालू होती. पुतण्या मोबाइलवर कुण्या गोऱ्या शिकाऱ्याची फिल्म बघत होता. मी वनरक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळं जनावराचा कुठलाही प्रश्न घरात माझ्याकडंच येतो. जनावर आफ्रिकेतलं असलं तरी सुटका नाही.

"मारता येतो," मी म्हणालो, "पण तुला नाही."

केनियाचं तर नावच नको, तिथं १९७७ पासून शिकारच बंद आहे. नामिबिया, झिम्बाब्वे, टांझानिया, दक्षिण आफ्रिका या देशांत परवाना काढून शिकार चालते, पण बाहेरच्या माणसाला सरकारमान्य व्यावसायिक शिकारी सोबत घ्यावाच लागतो. तिथल्या नागरिकाचं वेगळं. दक्षिण आफ्रिकेतला माणूस ओळखीच्या शेतमालकाला विचारून, लागेल तो परवाना काढून स्वतःच्या हिमतीवर हरणाच्या मागं जाऊ शकतो. तिथं १९९१ साली एक कायदा झाला. नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरची रानजनावरं त्यानं शेतमालकाच्या मालकीची धरली. हे ऐकून पुतण्या उठून बसला. आपल्या मक्यातलं डुक्कर आपलं, ही कल्पना त्याला फार आवडली. आपल्याकडं ते सरकारचं. मका खाईपर्यंत त्याला कुणी वाली नसतो आणि मेलं की लगेच मालक उभा राहतो, असं गावात म्हणतात. खात्यात असताना मी या बोलण्यावर चिडायचो. आता माझाच मका आहे.

"पण गाईड कशाला? जनावर दाखवायला?"

इथंच सगळ्यांची गफलत होते. जनावर दाखवणारा माग काढणारा असतो, तो वेगळा. बहुतेक वेळा त्याच भागातला, अनवाणी पायानं लहानाचा मोठा झालेला. परवानाधारक शिकारी असतो तो गोळी सुटल्यानंतरच्या कामासाठी. झिम्बाब्वेत हा परवाना मिळवायला उमेदवारी करावी लागते, लेखी परीक्षा द्यावी लागते आणि शेवटी रानात नेऊन परीक्षक माणसाला पिळून काढतात. पाहुण्याचा नेम चुकला, जनावर जखमी होऊन झाडीत शिरलं, की त्याच्यामागं जाऊन ते संपवायचं ही जबाबदारी याची. केप बफेलो नावाचा तिथला रानरेडा जखमी झाला की कधी कधी वळसा घालून आपल्याच मागाच्या बाजूला येऊन उभा राहतो. तुम्ही खाली मान घालून रक्ताचे ठिपके बघत चाललेले आणि तो हातभर गवताआड तुम्हाला बघत असलेला.

गाईडशिवाय गेलेल्यांची गोष्ट सांगायची तर साव्होची सांगावी लागते. १८९८ साली पूर्व आफ्रिकेत इंग्रज रेल्वे टाकत होते आणि मजूर आपल्या देशातून नेलेले होते. दोन आयाळ नसलेले सिंह तंबूतून त्यांना ओढून नेऊ लागले. पुलाच्या कामावर पॅटर्सन नावाचा लष्करी इंजिनिअर होता. हाताशी कुणी कसलेला सिंहमार नव्हता, तेव्हा त्यानंच मचाण बांधलं. ९ डिसेंबरला एक सिंह पडला, २९ डिसेंबरला दुसरा. दुसऱ्याच्या वेळचा प्रसंग पॅटर्सननं स्वतः लिहून ठेवलाय. रात्री जखमी केलेल्या सिंहाचा सकाळी माग काढताना तो एकदम अंगावर आला. पॅटर्सननं गोळ्या घातल्या, तरी सिंह थांबेना. दुसरी बंदूक घ्यायला यानं मागं हात केला तर हात रिकामाच. बंदूक सांभाळणारा महिना नावाचा हिंदुस्थानी सोबती बंदुकीसकट झाडावर चढत होता. पॅटर्सनही मग त्याच झाडावर. पुस्तकात महिनाची जरा थट्टाच आहे. मला विचाराल तर त्या दोघांत शहाणा कोण होता हे सांगायला वनरक्षकाची गरज नाही.

किती मजूर मेले याचा आकडा पॅटर्सननं पुढं १३५ पर्यंत नेला. अलीकडं संशोधकांनी सिंहांची हाडं-केस तपासून तो पस्तीसच्या आसपास आणलाय. भुसा भरलेले ते सिंह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. मजुरांची नावं कुठं आहेत कोण जाणे.

माझ्या आजोबांचंही नाव कुठल्या शिकारीच्या वहीत नाही. निजामाच्या राज्यात अजिंठ्याच्या डोंगराकडं साहेब लोक आले की गावोगावचे गडी हाक्याला धरून नेत. आजोबांकडं रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी. रांगेत डबे बडवत जनावर मचाणाकडं रेटायचं. साहेबाची गोळी नुसती चाटून गेली तर चवताळलेलं जनावर मागं फिरायचं ते या रांगेवरच. ते सांगायचे, बंदुकीचा आवाज एकदा आला तर बरं वाटायचं, दोनदा आला की पोटात गोळा यायचा.

जखमी जनावर भलत्याच माणसावर उलटतं, हे नोकरीत मी स्वतः पाहिलं. गाव सांगत नाही. एका बंदूकवाल्यानं रात्री शेतात डुकरावर गोळी झाडली, ती लागली आणि डुक्कर उसात शिरलं. हा घरी जाऊन झोपला. सकाळी बांधावर गवत कापणाऱ्या बाईची मांडी सुळ्यानं गुडघ्यापासून वर फाटली. पंचनामा माझ्याकडं. ऊस डोक्याच्या वर, आत काय दिसणार? गावातल्या एका म्हाताऱ्या पारध्याला बोलावलं. त्यानं ऊस बघितलाच नाही. पाचटावरचं रक्त बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. फेसाळ गुलाबी असतं तर फुप्फुस, म्हणाला, जनावर जवळच पडलेलं. काळपट दाट असतं तर काळीज. हे पातळ होतं, त्यात चघळलेल्या मुळांचे तुसासारखे कण होते आणि आंबूस वास येत होता. "पोटात लागलीय. आत्ता घुसाल तर अजून एक माणूस जाईल. बिडी काढा." चार तास आम्ही बांधावर बसलो. मग तो पुढं, मी मागं. डुक्कर ओढ्याच्या कडेला बसल्या जागी मेलेलं मिळालं, तोंड आम्ही आलो त्याच दिशेला. त्या म्हाताऱ्याच्या जमातीला इंग्रजांनी कायद्यानं गुन्हेगार ठरवलं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांचा धंदाही गेला. कायदा हवाच होता. पण रक्त वाचणारी ती बोटं कुणाच्या कामी यावीत, हे कुणी ठरवलं नाही.

आज पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला किंवा रोह्याला मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. माणसावर उठलेल्या वाघ-बिबट्यासाठी थेट मुख्य वन्यजीव रक्षकांचा आदेश. स्वतःचा जीव वाचवताना जनावर मेलं तर गुन्हा नाही. मात्र परवानगीनं मारलेलं असो की जीव वाचवताना, मेलेलं जनावर सरकारजमा. मटणाची स्वप्नं बघू नयेत. आणि मारताना सोबत कोण होतं हा प्रश्न इथंही सुटत नाही. यवतमाळची अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तेव्हा पशुवैद्य जागेवर नव्हता, यावरूनही पुढं चौकशा झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे परवानगी मिळाली तरी आपण—"

खाली मक्यात कडकड झाली. एक ताट मोडलं, मग दुसरं. त्यानं बॅटरी उचलली, एक पाय शिडीवर टाकला. "उतरू का?"

मी उशाशी ठेवलेला तेलाचा डबा आणि काठी त्याच्या हातात दिली. "वरूनच वाजव."