परभणीची रुई आणि चिनी खरेदीदार

मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर या परभणी जिल्ह्यातल्या बाजारपेठांत दसऱ्याच्या आसपास कापसाची आवक सुरू होते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. २०११-१२ च्या हंगामात भारताच्या कापूस निर्यातीचा सर्वांत मोठा ग्राहक चीन होता. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली. त्यामुळे करार झाल्यावर सरकारने निर्यात थांबवली तर नुकसान कोणाचे, याचे उत्तर चिनी खरेदीदाराबरोबरच्या बैठकीआधीच तयार हवे.

समोरच्याकडे आयातीचा कोटा आहे का, ही चौकशी सर्वांत आधी करावी. चीन दरवर्षी ८,९४,००० टन कापूस एक टक्का शुल्काने येऊ देतो. कोट्याबाहेरच्या मालावर शुल्क बरेच जास्त असते. कोटा नसलेला व्यापारी कितीही गोड बोलला तरी सौदा पुढे सरकणे कठीण.

भावाचेही गणित हाताशी असावे. इथला भाव खंडीवर, बाहेरचा पौंडाला सेंटमध्ये. एक खंडी म्हणजे सुमारे ७८४ पौंड. शंभर टन म्हणजे साधारण ५८८ गाठी. नमुन्यासोबत धाग्याची लांबी, मायक्रोनेअर, ओलावा आणि कचऱ्याचे प्रमाण द्यावे. खरा वाद होतो तो प्लास्टिकच्या पोत्यांतून रुईत येणाऱ्या दोऱ्यांवरून. हे दोरे रंग धरत नाहीत आणि कापड तयार झाल्यावर डोळ्यांत भरतात. वजन आणि तपासणी कुठली अंतिम, जिनिंगची की चिनी बंदरावरची, हे करारातच लिहून घ्यावे.

तारखा ठरवताना १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी टाळावी. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येते. इथे जिनिंग जोरात असताना तिकडच्या गिरण्या पंधरवडाभर बंद असू शकतात. घड्याळ अडीच तास पुढे असल्याने परभणीत दुपारचे चार वाजतात तेव्हा तिथे साडेसहा झालेले असतात.

बैठकीत ज्येष्ठ व्यक्ती आधी आत येते. चिनी नावात आडनाव पहिले असते, म्हणून वांग मिंग यांना ‘मिस्टर वांग’ म्हणावे. कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे, वाचावे आणि टेबलावर ठेवावे. मागच्या खिशात कोंबू नये. ‘विचार करू’ हा बहुतेक वेळा नकारच. करारावर नुसती सही पुरत नाही, कंपनीचा लाल शिक्का लागतो. त्याबाबत भीड बाळगू नये.

जेवणात शाकाहाराची कल्पना आधीच द्यावी, आणि मांसाचा रस्सा व चरबीही चालत नाही, हे स्पष्ट सांगावे. भाज्यांत ती सर्रास असते. भातात काड्या उभ्या खोचू नयेत. ते मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. पेला भिडवताना आपला थोडा खाली धरावा. दारू घेत नसल्यास चहा चालतो. भेट म्हणून घड्याळ नको, हिमरू शाल चांगली. गप्पांसाठी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेतच. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेल्या या डॉक्टरांना जुन्या पिढीतले चिनी लोक ओळखतात.

बैठकीत ठरलेले त्याच संध्याकाळी लेखी पाठवावे. चिनी व्यापारी सगळे वीचॅटवर बोलतात, पण जून २०२० पासून भारतात त्यावर बंदी आहे. म्हणून ई-मेलचा पत्ता निघण्यापूर्वीच पक्का करून घ्यावा. बँक खाते बदलल्याचे कळवणारा मेल आला तर ओळखीच्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे हलवू नयेत.