गटाची शिस्त आणि सॉकेट

एकाच संगणकावर अनेकांची कामे चालू असली, की पहिली ओढाताण होते ती स्मृतीसाठी आणि प्रक्रियकाच्या वेळेसाठी. लिनक्स या परिचालन प्रणालीत पूर्वी अशा मर्यादा बहुतांशी एकेका प्रक्रियेपुरत्या असत. त्यामुळे स्वतः मर्यादेत राहणारी प्रक्रिया शेकडो अपत्य-प्रक्रिया निर्माण करून सारे यंत्र व्यापू शके. यावर उपाय म्हणून प्रक्रियांचे गट बांधण्याची चौकट २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. तिचे मूळ काम गूगलमधील अभियंत्यांचे; पण तिला खरा उपयोग प्राप्त करून देण्यात बंगळूरचा वाटा मोठा आहे. आयबीएमच्या तेथील लिनक्स केंद्रातील बलबीर सिंग यांनी पावेल येमेल्यानोव यांच्यासह गटाच्या स्मृतीचे नियंत्रण रचले, तर श्रीवत्स वड्डगिरी यांनी प्रक्रियकाचा वेळ गटांमध्ये वाटण्याची व्यवस्था केली.

स्मृती आणि वेळ मोजता येतात. चाळीतील पाण्या-विजेप्रमाणे त्यांना मीटर बसवता येतो. सॉकेटचे तसे नाही. सॉकेट म्हणजे प्रक्रियेचे संगणक-जाळ्याकडे उघडणारे दार. १९८३ च्या बर्कली युनिक्सपासून ते रूढ झाले. येथे प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कोठून आणि कोणाकडे’ हा आहे, आणि अशा प्रश्नाला आकड्याची मर्यादा पुरत नाही. २००९ मध्ये गटाच्या संदेशखंडांवर ओळखखूण उमटवण्याची सोय झाली खरी. पण खूण म्हणजे निर्णय नव्हे.

निर्णयाची सोय झाली ती २०१७ च्या ४.१० या आवृत्तीत. प्रशासकाने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम गटाला जोडता येऊ लागला. तो गाभ्यातच चालतो; म्हणून तो चुकीच्या स्मृतीला हात लावणार नाही आणि अनंतकाळ फिरत राहणार नाही, याची पडताळणी आधीच होते. गटातील प्रक्रियेने सॉकेट मागितले, की हा प्रोग्रॅम चालतो. त्याने शून्य उत्तर दिले, तर सॉकेट मिळत नाही. एक दिले, तर मिळते. पण तत्पूर्वी ते एखाद्या ठरावीक जाळे-जोडणीशी बांधून टाकता येते. डेव्हिड अहर्न यांनी ही सोय केली ती मुख्यतः या बांधणीसाठीच. २०१८ पासून तर जोडणीचा पत्ताही वाटेत बदलता येतो. मूळ प्रोग्रॅमला याचा पत्ता नसतो, आणि विशेषाधिकार नसल्यास त्याला हे बंधन काढताही येत नाही. अपत्य-प्रक्रिया पालकाच्याच गटात जन्मते, त्यामुळे ही पळवाटही बंद होते.

एक बारकावा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो. सॉकेट आपल्या जन्माच्या वेळचा गट लक्षात ठेवते. प्रक्रियेला नंतर दुसऱ्या गटात हलवले, तरी तिची जुनी दारे पूर्वीच्याच गटाची राहतात. आणि जन्मवेळचा नियम आधी उघडलेल्या सॉकेटांना मागे जाऊन लागू होत नाही. म्हणून जाणता प्रशासक प्रथम रिकामा गट तयार करतो, त्याला प्रोग्रॅम जोडतो, आणि मगच त्यात पहिली प्रक्रिया सुरू करतो.