ॲसिड सांडलं तर हळद नको, नळ उघडा

बेळगाव : उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचा गंज काढायला ॲसिड लागतं, बॅटरीच्या दुकानात लागतं, आणि घरी संडास-बाथरूम घासायची बाटली तर प्रत्येकाकडे आहेच. ते अंगावर उडालं की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती हळद, टूथपेस्ट नाहीतर खायचा सोडा शोधायची. यातलं काहीही लावू नका. सोड्यानं ॲसिड मरतं हे शाळेत शिकलोय खरं, पण कातडीवर ते मरताना उष्णता सुटते आणि भाजलेल्यावर आणखी भाजतं.

पहिला उपाय पाणी, तेही भरपूर. दाट सल्फ्युरिक ॲसिडवर ओला फडका फिरवला तर थोड्या पाण्यानं ते तापतं. त्यामुळे थेट नळाखाली किंवा पाइपखाली उभं करा आणि घड्याळ लावून किमान 20 मिनिटं वाहतं पाणी सोडा. पाणी सुरू असतानाच भिजलेले कपडे, अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. शर्ट डोक्यावरून ओढू नका, कापून काढा. मदत करणाऱ्यानं रबरी हातमोजे घालावेत, नाहीतर रुग्ण दोन होतात.

अपवाद कोरड्या कळीच्या चुन्याचा. तो आधी ब्रशनं नाहीतर कोरड्या कपड्यानं झटकायचा, मग पाणी.

चुन्यावरून आठवलं. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब किंवा पुडी लहान मुलं खेळायला घेतात, दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात. ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्यात जास्त खोल उतरते, म्हणून याला किरकोळ समजू नका. पापणी बोटांनी उघडी धरा, दुखावलेला डोळा खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही, आणि अर्धा तास धुवा. पापणीखाली चुन्याचे कण अडकून राहतात, तेव्हा धुवून बरं वाटलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचंच.

कुणी ॲसिड प्यालं असेल तर उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका भाजली, येताना पुन्हा भाजेल. मीठ-पाणी पाजणं, घशात बोट घालणं, सगळं बंद. तोंड धुवा आणि दवाखाना गाठा.

आता आगीचं. सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक ही ॲसिडं स्वतः पेटत नाहीत, म्हणून कामगार निर्धास्त असतात. पण ॲसिड लोखंडाला किंवा जस्ताला लागलं की हायड्रोजन वायू सुटतो आणि तो एका ठिणगीनं भडकतो. ॲसिडच्या लोखंडी पिंपाशेजारी वेल्डिंग करायचं नाही, बिडी तर नाहीच. नायट्रिक ॲसिड सांडलं तर त्यावर लाकडाचा भुसा टाकू नका, भुसाच पेट घेऊ शकतो. कोरडी वाळू टाका. पिंपाजवळ आग लागली तर पिंपाच्या बाहेरून पाणी मारून ते थंड ठेवतात, आत पाण्याची धार सोडत नाहीत. हे काम अग्निशमन दलाचं, आपण लांब राहावं. घरात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली तर क्लोरीन वायू होतो, एवढं आई-बायकोला सांगून ठेवा, आणि बाथरूम आपण घासत असू तर स्वतःलाही.

पुणे-बेंगळूर महामार्गावर टँकर कलंडला तर बघायला जवळ जाऊ नका. वारा जिकडून येतो तिकडच्या बाजूला लांब उभे राहा. टँकरवर चार आकडी नंबर असतो: 1830 म्हणजे सल्फ्युरिक, 1789 हायड्रोक्लोरिक, 1824 कॉस्टिक सोड्याचं द्रावण. फोनवर तो नंबर सांगा. लेबल कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, चित्र सगळीकडे सारखं: हातावर आणि धातूवर सांडणारं द्रव, खालचा अर्धा भाग काळा.

112 आणि 108 हे नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे चालतात. पाणी ओतणं न थांबवता फोन दुसऱ्याला करायला सांगा, आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या.